मदत हवी आहे: भिंत फोडायचे रूल्स (बार्बेरियनने दरवाजे वापरणं सोडलंय)

डी अँड डी (फासे टाकून खेळायचा रोल-प्लेइंग गेम) 5वी एडिशन, 2014 चं डीएमजी (डंजन मास्टर्स गाइड, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं पुस्तक), पार्टी म्हणजे खेळाडूंचा गट लेव्हल 5, डीएम म्हणजे खेळ चालवणारा मी. गेल्या सेशनला मी दोन संध्याकाळी खपून केलेला ट्रॅपवाला कॉरिडॉर होता आणि आमच्या बार्बेरियनने (आडदांड योद्ध्याचं पात्र) त्याच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही, शेजारची भिंत ठोकून बघितली आणि म्हणाला पलीकडेच खोली आहे ना, मग फोडतो. मी घाईघाईत टेबल उघडलं, दगड म्हणजे एसी (घाव लागायला फाशात लागणारा आकडा) 17, लार्ज आणि मजबूत वस्तू म्हणजे सरासरी 27 एचपी (किती मार सोसेल तो आकडा). त्याचा मॉल (मोठा हातोडा) 2डी6, म्हणजे सहा बाजूंचे दोन फासे, सरासरी 7, स्ट्रेंथचे 4, रेजचे (लढताना चढणारा संताप) 2, म्हणजे एका घावाला 13. तीन घाव, राऊंडला दोन, म्हणजे सहा-सहा सेकंदांचे दोन राऊंड. बारा सेकंदांत दगडी भिंत आडवी, सगळे हसतायत आणि मी नकाशा गुंडाळतोय.

थोडी चूक माझीच, तो 27 चा आकडा गाडा वगैरे वस्तूंसाठी आहे आणि त्याहून मोठ्या वस्तूचे भाग पाडून प्रत्येकाचे एचपी वेगळे धरा असं तिथेच लिहिलंय, पण माणूस जाईल एवढं भोक पाडायला एक भाग पुरतो की! उलट वॉल ऑफ स्टोन स्पेलमध्ये (दगडी भिंत उभी करायचा मंत्र) जाडीच्या दर इंचाला 30 एचपी, म्हणजे फूटभर भिंतीला 360. एकाच गेममध्ये 27 पण आणि 360 पण, मी धरू काय? डॅमेज थ्रेशोल्ड (ठरावीक आकड्याहून कमी मार लागला तर काहीच होत नाही) लावला तर म्हणतील मुद्दाम अडवतोय. बंदी घालायची नाहीये, आयडिया चांगलीच होती, फक्त फुकटात नको.

प्रतिसाद: आधी हे सांग, रेज टिकलीच कशी? 2014 च्या रूलप्रमाणे टर्न संपेपर्यंत शत्रूवर हल्लाही केला नाही आणि डॅमेजही (मार) खाल्लं नाही तर रेज संपते, आणि भिंत काही शत्रू नाही. आकडे 3.5 मधून (गेमची जुनी एडिशन) उचल: फूटभर बांधीव भिंत, 10 फुटांच्या भागाला 90 एचपी, हार्डनेस 8, तो दर घावातून वजा. रेज गेली की त्याचा घाव 11 चा, उरले 3. म्हणजे 30 घाव, तेही एकही न चुकता.

प्रतिसाद: मी तर भिंतीसाठी अटॅक रोलच (घाव लागला का ते बघायचा फासा) मागत नाही. फूटभर दगडाला दहा मिनिटं लागतील असं सांगतो आणि त्या दहा मिनिटांत अख्ख्या डंजनला आवाज जातो. पलीकडचे लोक तोवर टेबलं आडवी टाकून बाण लावून बसलेले असतात. आमच्याकडे दोनदा असं झालं, मग खेळाडू आपणहून दार शोधायला लागले.

मूळ प्रश्नकर्ता: रेजचं लक्षातच नव्हतं राव, तो पण काही बोलला नाही, बरोबरच आहे म्हणा! लढाई चालू असेल तर 90 आणि 8, नाहीतर दहा मिनिटं आणि आवाज, असं ठरवतोय. फक्त लेव्हल 7 ला आमच्या ड्रुइडला (निसर्गाची जादू करणारं पात्र) स्टोन शेप हा दगडाला आकार द्यायचा स्पेल मिळणार, म्हणजे पाच फुटांहून कमी जाडीच्या भिंतीतून ठोकाठोक न करता आरपार. त्याचा धागा तेव्हा काढतो.