खोक्यावरचा कोड हवा, पण कागदही हवा
कागद वाचवायला फर्निचरच्या जोडणीची पुस्तिका बंद करून खोक्यावर फक्त क्यूआर कोड छापावा, हे मत मला अर्धंच पटतं. कोड तसा चिवट. १९९४ मध्ये जपानच्या डेन्सो कंपनीत तो मोटारींच्या सुट्या भागांसाठी तयार झाला, आणि थोडा फाटला-मळला तरी वाचला जातो. बेभरवशाचं असतं ते त्यामागचं वेबपान. घर बदलल्यावर आम्ही कपाट पुन्हा जोडायला बसलो, तर खोकं कधीच रद्दीत गेलेलं. कोडचा फोटो सापडला, पण कंपनीने ते पानच काढून टाकलेलं! बाबांनी अंदाजाने स्क्रू पिळले आणि एक फळी चिरली.

युरोपीय संघाचा यंत्रांबाबतचा २०२३चा नियम म्हणूनच मला आवडतो. जानेवारी २०२७ पासून सूचना डिजिटल चालतील, पण त्या किमान १० वर्षं ऑनलाइन ठेवायच्या, खरेदीच्या वेळी मागितली तर छापील प्रत महिन्याभरात फुकट द्यायची, आणि घरगुती वापराच्या यंत्रांची सुरक्षेची माहिती कागदावरच. आपल्याकडे फर्निचरलाही असंच बंधन हवं. कोड जरूर द्या, त्यातून मराठीत सूचना मिळाल्या तर फारच उत्तम. पण निदान जोडणीच्या आकृत्यांचं एक पान खोक्यात असू द्या.