दुकानाच्या पाटीसाठी टोकाला रुंदावणारा ठसठशीत फाँट सुचवा (बजेट दोन हजार)

शाई_दौत: कोथरूडला बहिणीचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान सुरू होतंय. पाटी दहा फूट लांब, तीन फूट उंच. इंग्रजी नावासाठी आल्बर्टसच्या जातीचं अक्षर हवंय: सेरिफ (टोकाची छोटी आडवी रेघ) वेगळी चिकटवलेली नाही, दांडीच टोकाकडे रुंद होत गेलेली. मराठी नाव त्याला शोभेलसं. फाँटवर दोन हजारांच्या वर खर्च करायचा नाही.

कंदी_पेढा: डोळे मिटून ऑप्टिमा घ्या. मी त्याचं अख्खं कुटुंब (बारीक ते जाड सगळे प्रकार) विकत घेतलंय, पैसे वसूल. हेरमान झाप्फनं १९५० मध्ये फ्लोरेन्सच्या सांता क्रोचे चर्चमधली फरशीवरची अक्षरं पाहिली आणि हजार लिरांच्या नोटेवरच रेखाटनं केली. फाँट आला १९५८ ला. वॉशिंग्टनच्या व्हिएतनाम स्मारकावरची नावं यातच आहेत.

घाटमाथा: स्मारक हाताच्या अंतरावरून वाचतात हो! आमच्या दवाखान्याची पाटी ऑप्टिमात केली होती. रस्त्यापलीकडून दांडीच्या टोकाचा तो फुगवटा दिसतच नाही, साधं अक्षर वाटतं. पाटीला जाड वजनच, म्हणजे जाड रेषेचं अक्षरच, लागतं.

मधली_सुट्टी: +१ ऑप्टिमा. वर कोणी सुचवलाय का पाहिलं नाही.

खिळा_जुळारी: आल्बर्टसच घ्या. बेर्टोल्ड वोल्पे ब्राँझच्या पाट्यांवर अक्षरं करायचा. अक्षर न कोरता भोवतालचा धातू काढायचा, म्हणून त्याच्या कडा अशा धारदार. ते काम पाहून स्टॅन्ली मॉरिसननं १९३२ मध्ये मोनोटाइप या फाँट-कंपनीसाठी फाँट करायला सांगितलं. सिटी ऑफ लंडनच्या रस्त्यांच्या पाट्यांवर तो आजही आहे. भांड्यांच्या दुकानाला याहून साजेसं काय? एकच वजन घ्या, आणि परवान्यात लोगो चालतो का ते वाचा.

घाटमाथा: दुकान पुण्यात आहे, लंडनात नाही. मराठीचं कोण बघणार?

वेलांटी: तेच म्हणते. मराठी अक्षरं इंग्रजीपेक्षा लहान चालत नाहीत, कायदा आहे. दोन्हींचा पॉइंट साइज (फाँटच्या मापाचा आकडा) सारखा ठेवलात तरी वेलांट्या-उकार उंची खातात आणि मूळ अक्षर बारकं दिसतं. म्हणून मराठी मोठं करा, मग दोन्हींच्या उभ्या दांडीची जाडी जुळवा. फुकटात यात्रा वन बघा, मुंबई लोकलच्या स्टेशनांवरच्या हाती रंगवलेल्या पाट्यांवरून केलाय. रोझा वन भारदस्त आहे, पण त्याच्या बारीक रेषा लांबून हरवतात.

कंदी_पेढा: फुकटचं ते फुकटचंच. पाच-सात हजार टाका, आयुष्यभराचं काम आहे.

मावळतीकर: अवांतर: फ्लेक्स करू नका. आमचा दोन उन्हाळ्यांत पांढरा पडला. पेंटर गाठा.

मधली_सुट्टी: पेंटर आता मिळतात कुठे?

शाई_दौत: सगळ्यांचे आभार. फाँट विकत घेत नाही. कसब्यातल्या तांबट आळीतले एक काका पितळी पत्र्यातून मराठी नाव कापून देतायत. दांड्या खाली रुंद करून अक्षरं मीच कागदावर काढली. इंग्रजी त्याखाली, लहान आणि साधं. दोन हजार पत्र्यात गेले, वर थोडे लागतील.

वेलांटी: छान! शिरोरेषा अखंड ठेवा, शब्द एकाच तुकड्यात निघेल. अनुस्वार मात्र सुटा पडतो, त्याला मागून पट्टी झाळून घ्या.