मिनेसोटातला हिवाळा आणि कोरडे पडलेले घर: फर्नेसला ह्युमिडिफायर बसवताना काय पाहावे?

तंबोरेवाली (मिनियापोलिसजवळ)

नमस्कार. गेल्या उन्हाळ्यात आम्ही मिनियापोलिसच्या पश्चिमेकडील उपनगरात घर घेतले आणि आता येथील पहिला हिवाळा अनुभवतो आहोत. घर सुमारे २,२०० चौरस फुटांचे आणि १९९०च्या दशकातले असून बेसमेंटमध्ये हवा तापवून घरभर पोहोचवणारी, गॅसवर चालणारी फर्नेस आहे. डिसेंबरपासून घरातली हवा इतकी कोरडी झाली आहे की सात वर्षांच्या मुलाचा पहाटे उठताना घोळणा फुटतो, माझ्या टाचांना भेगा पडल्या आहेत आणि दाराच्या मुठीला हात लावला की चटका बसतो. डॉक्टरांनी मुलाला तपासले. कोरड्या हवेखेरीज दुसरे कारण त्यांना आढळले नाही. आर्द्रतामापक आणून पाहिला, तर तो १६ टक्के दाखवतो.

या सगळ्याला तोंड फुटले ते मात्र तंबोऱ्यामुळे. मिरजेहून आणलेल्या माझ्या तंबोऱ्याच्या तबलीला, जेथे ती भोपळ्याला चिकटवलेली असते त्या कडेला, नखाएवढ्या लांबीची फट दिसू लागली आहे. खोलीत ठेवायचे लहान ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारी यंत्रे) दोन आहेत, पण त्यांत दिवसातून दोनदा पाणी भरूनही आकडा २० टक्क्यांच्या वर जात नाही. एका कंत्राटदाराने घर पाहून वाफेचा ह्युमिडिफायर सुचवला आणि साध्या प्रकाराच्या जवळजवळ तिप्पट किंमत सांगितली. आमच्या भागात विहिरीचे जड पाणी येते. खरोखरच वाफेचा प्रकार लागतो का, आणि बसवल्यानंतर तो सांभाळणे किती कठीण असते, हे अनुभवी मंडळींनी सांगावे.

वऱ्हाडी (कॅल्गरी)

ताई, मी अकोल्याचा. गेली चौदा वर्षे कॅल्गरीत फर्नेस आणि एसी बसवण्याचे व दुरुस्तीचे काम करतो. तुमचा प्रश्न दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतेच, म्हणून सविस्तर लिहितो.

घर कोरडे का पडते, ते आधी समजून घ्यावे, कारण यंत्र किती मोठे हवे ते त्यावरच ठरते. उणे १८ अंश सेल्सिअसच्या, म्हणजे शून्य फॅरनहाइटच्या हवेत एका घनमीटरमागे जेमतेम १ ग्रॅम वाफ मावते. तीच हवा दारांच्या आणि माळ्याच्या फटींतून आत येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिच्यात सुमारे १८ ग्रॅम वाफ मावू शकते. पण हाती असतो तो तेवढाच १ ग्रॅम, म्हणून आर्द्रता ५-६ टक्क्यांवर येते. फर्नेस हवेतले पाणी खाते असा समज आहे, तो चुकीचा आहे. ती फक्त हवा तापवते. कोरडेपणा येतो तो बाहेरून शिरणाऱ्या हवेमुळे.

आता तुमच्या घराचा हिशेब करू. २,२०० चौरस फूट आणि आठ फूट उंचीचे छत धरले तर आतली हवा साधारण ५०० घनमीटर होते. दर तासाला तिच्यातली निम्मी बदलते असे मानले आणि आर्द्रता ३० टक्क्यांवर आणायची ठरवली, तर तासाला सुमारे एक लिटर, म्हणजे दिवसाला सहा-सात गॅलन पाणी हवेत मिसळावे लागते. खोलीतली लहान यंत्रे का पुरी पडत नाहीत, हे यावरून दिसेल. हेच घर अधिक फटींचे असेल आणि तासाला सगळी हवा बदलत असेल, तर पाणीही दुप्पट लागेल. त्यामुळे यंत्र घेण्यापूर्वी माळ्यावर जाण्याच्या झाकणाची कड, पाइप वर जातात ती भोके आणि दारांचे रबर पाहून घ्यावे. फटी बुजवण्याचा खर्च थोडा येतो आणि गॅसही वाचतो.

प्रकार तीन आहेत. बायपास प्रकारात यंत्राला स्वतःचा पंखा नसतो. गरम हवेचा आणि परतीच्या हवेचा असे जे दोन मोठे पेटीसारखे डक्ट (हवा वाहून नेणारे पत्र्याचे मार्ग) असतात, त्यांपैकी एकावर यंत्र बसवतात आणि सहा इंची गोल डक्टने ते दुसऱ्याला जोडतात. दोन्हींच्या दाबातल्या फरकामुळे गरम हवा ओल्या पॅडमधून आपोआप जाते. दुसरा प्रकार स्वतःचा पंखा असलेला आणि तिसरा वाफेचा. पहिले दोन ज्यांनी विदर्भातला कूलर पाहिला आहे त्यांना लगेच कळतील, कारण तत्त्व तेच आहे: ओल्या ताटीतून हवा जाते आणि पाणी घेऊन पुढे निघते. येथे ताटीच्या जागी ॲल्युमिनियमच्या जाळीचा पॅड असतो आणि पाणी वरून थेंबथेंब सोडले जाते. एप्रिलएअर ६०० हे बायपासमधले सर्रास दिसणारे मॉडेल दिवसाला १७ गॅलनपर्यंतच्या क्षमतेचे सांगितले जाते. तो आकडा फर्नेस सतत चालू आणि हवा चांगली गरम असतानाचा असतो, म्हणून प्रत्यक्षात निम्मा धरावा. तरीही तुमची गरज भागते.

वाफेचे यंत्र उत्तम असते, यात शंका नाही; फर्नेस विझलेली असतानाही ते काम करते, आणि हीट पंप (विजेवर चालणारे, बाहेरची उष्णता आत आणणारे यंत्र) असलेल्या घरात, जेथे डक्टमधली हवा फारशी गरम नसते, तेथे मी स्वतः तेच सुचवतो. पण एक गॅलन पाण्याची वाफ करायला सुमारे पावणेतीन युनिट वीज लागते, स्वतंत्र सर्किट ओढावे लागते आणि पाणी जड असेल तर त्याच्या टाकीत क्षार भराभर साचतात. गॅसची फर्नेस असलेल्या तुमच्या घरात त्यासाठी तिप्पट पैसे मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

काम कुणाकडूनही करून घ्या, पण ते चालू असताना जवळ उभे राहा. गरम हवेच्या डक्टमध्ये फर्नेसच्या लगेच वर एसीची कॉइल, म्हणजे हवा गार करणारी नळ्यांची जाळी, असते. पत्रा कापताना करवत तिला लागली तर एसीचा गॅस निसटून कॉइल बदलावी लागते, त्यामुळे कापण्याआधी झाकण काढून कॉइल कोठपर्यंत आहे ते पाहिलेच पाहिजे. यंत्र पाणसळ लावून अगदी सपाट बसवावे. तिरपे बसले तर पॅडची एक बाजू कोरडी राहते. पाण्याच्या जोडणीसाठी तांब्याच्या नळाला भोक पाडून चिमट्यासारखी बसणारी सॅडल तोटी अजूनही वापरली जाते. ती पुढे गळते आणि पुष्कळ ठिकाणच्या प्लंबिंग नियमांत चालतही नाही. त्याऐवजी टी-जोड घालून बंद करता येणारी चांगली तोटी बसवून मागा. ड्रेनच्या नळीला फुटामागे पाव इंच उतार हवा आणि ती मध्ये कोठेही झोळीसारखी लोंबता कामा नये.

विजेबद्दल एकच सांगतो. यंत्र २४ व्होल्टवर चालते, पण फर्नेसच्या बोर्डावर ह्युमिडिफायरसाठी दिलेल्या टोकावर काही फर्नेसमध्ये २४ आणि काहींत १२० व्होल्ट असतात. मीटरने मोजल्याशिवाय तेथे तार लावू नये.

आर्द्रतेचा नियंत्रक परतीच्या डक्टवर बसवणार असाल, तर तो बायपासचा डक्ट जेथे मिळतो त्याच्या आधी, घराच्या बाजूला हवा. नाहीतर तो घराची हवा मोजण्याऐवजी यंत्राने नुकतीच ओली केलेली हवा मोजत राहतो आणि घर कोरडेच राहते. अशी घरे मी डझनाने पाहिली आहेत.

नेपरव्हिलकर (शिकागोजवळ)

वऱ्हाडी यांनी बसवण्याचे सर्व सांगितले आहे. मी फक्त आकडा किती ठेवावा याबद्दल लिहितो, कारण त्यात आमचे नुकसान झाले आहे.

यंत्र बसवणाऱ्या तंत्रज्ञाने जाताना नियंत्रकाची चकती जवळजवळ शेवटपर्यंत फिरवून ठेवली आणि आम्हीही घर ४५ टक्क्यांवर आले म्हणून समाधानी होतो. त्या जानेवारीत तापमान उणे १० फॅरनहाइटपर्यंत उतरले. खिडक्यांच्या काचांवर खालून दोन बोटे जाडीचा बर्फ धरला, तो आम्ही रोज सकाळी पुसत राहिलो. फेब्रुवारीत ऊन पडले आणि दुपारी झोपण्याच्या खोलीच्या छतातून पाणी ठिबकू लागले. छप्पर गळते म्हणून माणूस बोलावला, तेव्हा त्याने माळ्यावर नेऊन दाखवले: छताच्या फळ्यांतून खाली आलेल्या प्रत्येक खिळ्याच्या टोकावर पांढरे हिमकण धरले होते आणि ते वितळून खालच्या इन्सुलेशनवर पडत होते. छप्पर धडधाकट होते. घरातली वाफ फटींतून माळ्यावर जाऊन गोठली होती. छताचा एक तुकडा काढून नवा बसवावा लागला.

अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था घरात ३० ते ५० टक्के आर्द्रता योग्य मानते, पण कडाक्याच्या थंडीत तेवढी पेलणे आपल्या भिंतींना आणि काचांना जमत नाही. बाहेर २० फॅरनहाइट असेल तर ३५ टक्के, १० ला ३०, शून्याला २५, उणे १० ला २० आणि उणे २० ला १५, अशी नियंत्रकावर साधारणपणे छापलेली शिफारस असते आणि आता मी ती तंतोतंत पाळतो. तुमच्याकडे ३० जानेवारी २०१९ रोजी उणे २८ फॅरनहाइट झाले होते. तशा रात्री तंबोऱ्यासाठीसुद्धा घरात ३० टक्के ठेवण्याचा आग्रह धरू नये. काच हीच खरी खूण आहे. सकाळी काचेच्या खालच्या कडेपेक्षा वर पाणी चढलेले दिसले की आकडा पाच टक्क्यांनी खाली आणावा.

तंबोरेवाली

दोघांचेही मनापासून आभार. माळ्यावरचे वाचून मी आजच झाकण उघडून पाहिले; त्याच्या कडेला रबरच नाही, ते आधी लावून घेते. आणखी दोन शंका आहेत. आमच्याकडे पाणी मऊ करण्याचे यंत्र आहे, तर ह्युमिडिफायरला मऊ केलेले पाणी द्यावे की मूळचे जड? आणि माझा आर्द्रतामापक स्वस्तातला आहे, त्यावर कितपत विसंबावे?

वऱ्हाडी

पाणी मऊ केल्याने विरघळलेले क्षार कमी होत नाहीत; कॅल्शियमच्या जागी सोडियम येते, इतकेच. मात्र त्याचा थर मऊ असतो आणि हाताने निघतो, तर जड पाण्याचा थर पॅडवर खापरीसारखा घट्ट बसतो. पॅडच्या यंत्राला दोन्ही चालतात. मी तुमच्या जागी मऊ केलेले पाणी देईन. यंत्र चालू असताना पॅडवरून बरेच पाणी ड्रेनमध्ये वाहून जाते आणि ते पाहून अनेकांचा जीव हळहळतो, पण त्या पाण्यानेच क्षार धुऊन जातात. तोटी बारीक करून ते वाचवायला जाऊ नका, पॅड महिनाभरात दगड होईल.

देखभाल वर्षातून दोनदा, अर्ध्या तासाची. ऑक्टोबरमध्ये वीज आणि पाणी बंद करून झाकण उघडा आणि जुना पॅड टाकून नवा बसवा. काही पॅडच्या एका कडेला रंगाची खूण असते, ती बाजू वर येते. पॅडच्या माथ्यावरचा प्लास्टिकचा पन्हळ काढून तासभर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा, कारण त्याची छिद्रे बुजली की पाणी एकाच धारेने उतरते. पाणी येते त्या बारीक छिद्रात आणि त्याच्या आधीच्या गाळणीत माती अडकते, तीही धुऊन घ्या. ड्रेनच्या नळीत ग्लासभर पाणी ओतून ते खाली पोहोचते का ते पाहा. बेसमेंट ओले होण्याची जी कामे माझ्याकडे येतात, त्यांत फुटलेला नळ क्वचित असतो. बहुतेक वेळा तुंबलेली ड्रेनची नळी असते. तुमचे पाणी पाहता जानेवारीत एकदा झाकण उघडून पॅडवर नजर टाकावी.

एप्रिलमध्ये नियंत्रक बंद, पाण्याची तोटी बंद, आणि बायपास डक्टमधला डॅम्पर (हवा अडवणारी झडप) उन्हाळ्याच्या खुणेवर. हा शेवटचा भाग विसरला तर एसीची थंड हवा घरात जाण्याऐवजी त्या सहा इंची डक्टमधून परत फर्नेसकडे फिरते आणि कधी कधी कॉइलवर बर्फही धरतो.

मापक तपासायला स्वयंपाकघरातले मीठ पुरते. बाटलीच्या झाकणात चमचाभर मीठ घेऊन ते ओल्या वाळूसारखे होईल इतकेच पाणी घाला. विरघळून जाता कामा नये. झाकण आणि मापक हवाबंद पिशवीत रात्रभर ठेवा. सकाळी ७५ टक्के दिसायला हवेत. ७१ दिसले तर तुमचा मापक चारने कमी दाखवतो असे समजून चाला.

तंबोरेवाली

तीन आठवड्यांनंतर लिहिते आहे. दुसऱ्या एका माणसाकडून बायपासचा ह्युमिडिफायर बसवून घेतला. त्याने कॉइलसाठी झाकण न सांगता उघडून पाहिले आणि टी-जोडही घातला. मिठाच्या पिशवीत मापक ७२ दाखवत होता, म्हणजे आमचे १६ टक्के प्रत्यक्षात १९च्या आसपास असणार. काल बाहेर ५ फॅरनहाइट असताना घरात २७ टक्के होते आणि काचांच्या फक्त खालच्या कडेला ओल होती. मुलाचा घोळणा गेल्या दहा दिवसांत एकदाही फुटला नाही. तंबोऱ्याची फट वाढलेली नाही. उन्हाळ्यात भारतात नेईन तेव्हा मिरजेत दाखवून ती भरून घ्यायची आहे, तोपर्यंत त्याच्या खोळीत मापक ठेवला आहे. डॅम्परच्या मुठीवर चिठ्ठी चिकटवली आहे: थंडीत उघडा, एसी लावण्याआधी बंद.