स्लॅब सेरिफ फॉन्ट सुचवा : डाळीच्या पोत्यावर छापायचाय (बजेट २ हजार)

उदगीरचा_डाळवाला
नमस्कार मंडळी. आमची उदगीरला तूरडाळीची मिल आहे. ३० किलोच्या विणलेल्या प्लास्टिक पोत्यावर नाव छापायचंय. माल बिदर, हैदराबादकडं जातो, म्हणून मराठी आणि इंग्रजी दोन्ही. मागच्या खेपेला नाजूक अक्षर घेतलं, तर बारीक रेघा विणीतच गेल्या. इंग्रजी एचचे दोन दांडे उरले, मधली आडवी रेघ गायब. डिझाइनवाला म्हणतो स्लॅब सेरिफ घ्या, म्हणजे अक्षराच्या टोकांना जाड सपाट पाय (सेरिफ) असलेला फॉन्ट. कोणता घेऊ? फॉन्टवर २ हजाराच्या वर जमणार नाही.

फ्लेक्सवाला_परभणी
रॉकवेल बोल्ड. डोळे झाकून घ्या. १४ वर्षांपासून दुकान आहे माझं. ट्रॅक्टरचं शोरूम असो की क्लासेस, बोर्डावर हाच लावतो, आजवर एकानंही परत आणला नाही. १९३४ चा मोनोटाइप कंपनीचा फॉन्ट आहे. घराला जोतं असतं तसं या अक्षरांना असतं आणि त्याची जाडी भिंतीएवढीच, म्हणून अक्षर हलत नाही. घ्यायची तर पूर्ण फॅमिली घ्या, बारीक-जाड सगळे प्रकार. पैशाकडं बघू नका.

जुळाऱ्याची_लेक
माझे वडील औरंगाबादला छापखान्यात खिळे जुळवायचे, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही. ही अक्षरं निघाली तीच लांबून दिसावीत म्हणून. लंडनच्या व्हिन्सेंट फिगिन्सनं १८१५ च्या सुमारास ती 'अँटिक' नावानं आणली. पुढं त्यांना 'इजिप्शियन' म्हणायला लागले. अक्षरांचा इजिप्तशी संबंध काही नाही. नेपोलियनच्या तिथल्या मोहिमेनंतर युरोपात त्या देशाचं वेड होतं, एवढंच. जाहिरातींची भित्तिपत्रकं वाढली तशी ही अक्षरंही वाढली.

दादा, तुमची खरी अडचण मराठीची आहे. देवनागरीला सेरिफ नसतात, शिरोरेघ असते. तेव्हा पाय शोधू नका, रेघेची जाडी जुळवा. 'कर्मा' बघा. इंडियन टाइप फाउंड्रीचा आहे, देवनागरी आणि रोमन एकाच हातानं काढल्यासारखे दिसतात आणि फुकट आहे.

मोसंबीबाग_जालना
क्लॅरेंडनचं नाव कुणीच कसं घेतलं नाही? १८४५ ला लंडनच्या रॉबर्ट बेस्लेनं आणला. स्लॅबचा राजा तो.

फ्लेक्सवाला_परभणी
क्लॅरेंडनच्या पायाला दांड्याशी गोलाई असते आणि रेघाही कमी-जास्त जाड असतात. त्याला मी स्लॅब मानत नाही. पाय सरळ काटकोनात पाहिजे.

मोसंबीबाग_जालना
तुम्ही न मानल्यानं काय होतंय? इंग्लंडात त्याच्या नक्षीला कायद्यानं तीन वर्षांचं संरक्षण मिळालं होतं. मुदत संपली अन् सगळ्यांनी नकला काढल्या. उगाच काढल्या का? गोलाईमुळंच तो डोळ्याला बरा वाटतो.

रेणापूरकर
भांडा नंतर. मालक, मी काय सांगूलालोय ते ऐका. 'मिल'मधला ल आधी बघा. आमच्या पोत्यावर हिंदी वळणाचा ल छापून आला, दांडीवाला. ५ हजार पोती. वडील म्हणले, हे आपलं नावच नाही. बऱ्याच फॉन्टात मराठी ल आणि श असतेत, पण भाषा मराठी निवडल्याशिवाय दिसत नाहीत. अन् फाइल छापायला देताना अक्षरं कर्व्ह करून द्या, म्हणजे फॉन्टाऐवजी नुसती चित्रं होतेत, नाहीतर जोडाक्षरं तुटतेत. कर्व्ह केल्यावर परत एकदा डोळ्यानं वाचा.

गोदाकाठ_नांदेड
रॉकवेलला माझंही मत. ऑफिससोबतच येतो तो, कॉम्प्युटरमध्ये आधी शोधा. बाकी यंदा तुरीला भाव काय काढला तुमच्याकडं? आमच्याकडं व्यापारी ओलावा सांगून कट्ट्यामागं पैसे कापतो. दरसाल हेच चाललंय.

पाऊचवाली_लातूर
ताज्या अनुभवावरून सांगते. मी मसाल्याच्या पोत्यावर अल्फा स्लॅब वन घेतला होता. पडद्यावर दणदणीत दिसला. छापल्यावर शाई पसरली आणि 'ए'च्या पोटातलं भोक बुजलं. फार जाड घेऊ नका. रोबोटो स्लॅब किंवा रॉकिट घ्या, दोन्ही फुकट आहेत. मधलं वजन, म्हणजे मधली जाडी निवडा आणि अक्षरांत अंतर थोडं वाढवा. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रबरी ब्लॉक करायच्या आधी त्याच पोत्यावर एक नमुना काढून मागा. कागदावरचा नमुना काही कामाचा नाही.

जुळाऱ्याची_लेक
ताईंना दुजोरा. वडीलही कागद बदलला की आधी कच्चं प्रूफ काढायचे.

फ्लेक्सवाला_परभणी
रॉकवेलचं भोक बुजत नाही.

उदगीरचा_डाळवाला
सगळ्यांचे मनापासून आभार. ताईंनी सांगितल्याप्रमाणे पोत्यावरच तीन नमुने काढले : रॉकवेल, रोबोटो स्लॅब आणि अल्फा स्लॅब. गोदामात थप्पीला लावून दारातून बघितले. अल्फाच्या 'ए'चं भोक खरंच निम्मं बुजलंय. 'आर'चंही. तरी तोच घेतला.

आमच्याकडं पोती उचलणारे मामा ६० च्या पुढचे आहेत, मोतीबिंदू झालाय. बाकीच्या दोन नमुन्यांपाशी त्यांना जवळ जावं लागलं. हा त्यांनी दारातूनच दाखवला, "ही आपली". माझं पोतं जवळ घेऊन कुणी वाचत नाही, ते ट्रकमध्ये दहा मिल्सच्या मालात ओळखू यावं लागतं. अंतर मात्र वाढवून घेतलं, त्यानं बराच फरक पडला.

मराठीला कर्मा घेतला नाही. त्याचा बोल्डसुद्धा अल्फाशेजारी किरकोळ दिसत होता. त्याऐवजी मुक्ता नावाच्या फॉन्टचा एक्स्ट्रा बोल्ड घेतला. 'मिल'चा ल दोनदा तपासला, वडिलांनाही दाखवला. फॉन्टला खर्च शून्य. २ हजार जादा नमुन्यांत गेले.

रेणापूरकर, ब्लॉक उद्या होतोय. तुमचं ऐकून कर्व्ह केलेली फाइल आज रात्री परत वाचतो.