१८ हजारात ऑप्टिप्लेक्सला ग्राफिक्स कार्ड टाकायचंय, दोन दुकानदार दोन गोष्टी सांगतायत

तासगावचा_बेदाणा:

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच लिहितोय, काय चुकलं तर सांभाळून घ्या. माझ्याकडं डेलचा ऑप्टिप्लेक्स ३०२० आहे, उभ्या मोठ्या कॅबिनेटवाला. आय५ ४५७०, ८ जीबी रॅमची एकच स्टिक, २४० ची एसएसडी मी नंतर टाकली. टॅली शिकायला म्हणून पप्पांनी रिफर्बिश्ड घेऊन दिला होता, टॅली काय झाली नाय पण जीटीए ५ मात्र सगळं लो करून कसाबसा चालतो, ते पण इंटेलच्या आतल्याच ग्राफिक्सवर. यंदा बेदाण्याच्या सीझनला दोन महिने शेडवर काम केलं त्यातले १८ हजार बाजूला ठेवलेत. आईला माहितीय, पप्पांना ग्राफिक्स कार्ड म्हणजे एटीएम कार्डाचाच कायतरी प्रकार वाटतोय.

एल्डन रिंग खेळायचाय, जमलं तर ब्लॅक मिथ वुकाँग, आणि मित्र रोज व्हॅलोरंटला बोलावतात. सांगलीत दोन दुकानं फिरलो. पहिला म्हणला १०५० टीआय ४ जीबी आहे साडेपाच हजाराला, जुनं पण एकदम कडक, लाव आणि खेळ. दुसरा म्हणला ते आता म्हातारं झालं, तुला जुनं आरटीएक्स ४०६० बघून देतो १८ मध्ये, पॉवरची पिन नसली तर पन्नास रुपयाचा कन्व्हर्टर मारून देतो. दोघंबी छातीवर हात ठेवून सांगतायत. मॉनिटर १९ इंची आहे १६०० बाय ९०० चा, मागं निळ्या पिनची केबल. कुणाचं ऐकू?

लोड_१००_टक्के:

४०६० घे भावा, विचार काय करतोस. १८ ला ४०६० म्हणजे लॉटरी आहे. पुढची पाच वर्षं बघायला नको

मिरजेचा_सोल्डर:

थांब लका. पैसे खिशातच ठेव आणि आधी कॅबिनेटचा पत्रा काढून आत बघ. मी रिपेअरिंगच करतो, महिन्याला असली दोन-तीन मशिनं टेबलावर येतात, कार्ड नवं कोरं आणि मशीन चालू होत नाय.

तुझ्या ३०२० ला आत २९० वॅटचा एसएमपीएस, म्हणजे पॉवर देणारा डबा आहे, कंपनीचा आहे, चांगला आहे, पण त्यातून कार्डासाठी वेगळी वायर निघत नाही. म्हणजे कार्डाला जी काय पॉवर मिळणार ती स्लॉटमधूनच, आणि स्लॉट जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ४०६० ला ११५ लागतात आणि त्याच्यावर ८ पिनचं सॉकेट असतं. तो पन्नास रुपयाचा कन्व्हर्टर म्हणजे डीव्हीडी रायटरला जाणाऱ्या वायरीवरनं जोडून काढलेली पॉवर. त्या वायरी तेवढ्या लोडासाठी नसतात रे. आणि एसएमपीएसच बदलतो म्हणशील तर तुझ्या मदरबोर्डला नेहमीची २४ पिन नाही, ८ पिन आहे, त्यामुळं बाजारातला कुठलाबी आणून बसणार नाही. २४ ची ८ करणारी केबल मिळते ऑनलाईन, ती चालते, पण चांगला एसएमपीएस आणि ती केबल धरली की तुझं बजेट तिथंच हाललं.

म्हणून तुझ्यासाठी प्रश्न एवढाच की ७५ च्या आत काय बसतं. १०५० टीआय बसतं. १६५० बसतं पण त्याच्या काही मॉडेलला ६ पिन असते, फोटो बघूनच घ्यायचं. आरएक्स ६४०० तर ५३ वॅटचं आहे, ऐकायला लय भारी, पण तुझ्या बोर्डाला घेऊ नको. ते कार्ड बोर्डाशी फक्त चार लेनवर, म्हणजे डेटाच्या चार वाटांवर बोलतं आणि तुझ्या बोर्डाचा एच८१ चिपसेट जुन्या, हळू पीसीआयई २.० चा. सीझनला मार्केट यार्डात हळदीच्या गाड्या येऊन लागतात आणि आत जायला फाटक एकच, तसं होतं. कार्डाची ४ जीबी मेमरी भरली की बाकीचं सगळं त्या फाटकातनं ये-जा करणार, आणि गेम हिसके द्यायला लागणार.

राहिलं आरटीएक्स ३०५०. इथं नीट वाच. ३०५० दोन आहेत. ८ जीबीवालं १३० वॅटचं, ८ पिन लागते, ते नको. २०२४ ला ६ जीबीवालं आलं ते ७० वॅटचं, कुठली वायर लागत नाही, स्लॉटमध्ये दाबलं की झालं. दुकानात नुसतं ३०५० द्या म्हणलास तर कुठलं हातात पडेल सांगता येत नाही, बॉक्सवर ६ जीबी वाचायचं आणि कार्डाच्या कडेला पिनचं सॉकेट नाही ना ते बघायचं. लांबीपण मोज. तुझ्या कॅबिनेटमध्ये पुढं हार्डडिस्कचा पिंजरा आहे, तीन पंख्यांचं लांबडं कार्ड अडेल.

कृष्णाकाठ_८७:

कन्व्हर्टरवरून आठवलं. मी हे केलंय आणि भोगलंय. कॅबिनेटबरोबर फुकट आलेला एसएमपीएस होता, वर झोकात ४५० वॅट लिहिलेलं, त्याच्यावर जुनं आरएक्स ५८० चढवलं. ते एकटंच १८५ वॅट खातं. दोन दिवस मस्त चालला, मी मित्राला फोन करून सांगतोय काय स्मूथ आहे बघ, तिसऱ्या दिवशी रात्री खोलीत वास. आई म्हणाली धूप लावलास का. उघडून बघतो तर कन्व्हर्टरची पांढरी टोपी पिवळ्या वायरीपाशी करपून मऊ झालेली, ओढली तर पिन तुटून टोपीतच राहिली. नशीब कार्ड वाचलं.

मग कुणीतरी शिकवलं की स्टिकरवरचा मोठा आकडा बघायचाच नाही, बारीक अक्षरात +१२ व्होल्टच्या खाली किती अँपियर आहेत ते बघायचं आणि १२ नं गुणायचं. माझ्या त्या ४५० वॅटवाल्यावर १४ अँपियर होते. करा गुणाकार, १६८. प्रोसेसर आणि कार्ड दोघंबी त्या १६८ मध्येच जेवणार.

विश्रामबाग_आर्किटेक्ट:

१०५० टीआय साडेपाचला म्हणतोस ना, त्या कार्डाच्या मागे निळी व्हीजीए पिन आहे का ते आधी बघ. मी कॉलेजला असताना थ्रीडीच्या कामासाठी असंच एक घेतलं होतं, बिल नाही, बॉक्स नाही, नुसतं बबल रॅपमध्ये. मागे व्हीजीए होतं म्हणून मला उलट बरं वाटलं की चला, जुना मॉनिटर चालेल. या पिढीच्या चिपमधून व्हीजीएचा सिग्नल निघतच नाही, त्यामुळे १०५० टीआयला निळी पिन दिसली की तिथेच शंका घ्यायची. मला हे नंतर कळलं. घरी आणलं तर ड्रायव्हर बसेना, चार वेळा विंडोज टाकून झालं, शेवटी जीपीयू-झेड नावाचं कार्डाची माहिती दाखवणारं फुकट सॉफ्टवेअर आहे ते चालवलं तर नावाच्या आधीच फेक लिहून आलं. आत २०१० सालचं जीटीएस ४५० निघालं, त्याचा बायोस (कार्डातलं मूळ सॉफ्टवेअर) बदलून विंडोजला १०५० टीआय म्हणून दिसायचं. दुकानदाराकडे गेले तर म्हणतो मॅडम सॉफ्टवेअर चुकतंय.

पेनड्राइव्हवर जीपीयू-झेड घेऊन जा आणि दुकानातच लावून बघ. लावू देत नसतील तर उत्तर मिळालंच.

आणि अगदी खरं निघालं तरी आता घेऊ नये असं मला वाटतं. २०१६ चं कार्ड आहे, एनव्हिडियानं ऑक्टोबर २०२५ पासून या पिढीला नव्या गेमचे ड्रायव्हर बंद केलेत, आता फक्त सिक्युरिटीचे अपडेट येतील ते पण ऑक्टोबर २०२८ पर्यंत. जीटीए ५ साठी घेणार असशील तर वेगळी गोष्ट.

सगळं_विका:

मी असतो तर अख्खं मशीन विकून रायझन ५६००जी चा नवीन सेट बांधला असता. चार कोरचा २०१३ चा प्रोसेसर, कशाला त्याच्यावर १८ हजार घालवायचे

मिरजेचा_सोल्डर:

@सगळं_विका विकून येणार किती? आणि रॅमचे भाव बघितलेस का आत्ता? ५६००जी, बोर्ड, रॅम, एसएमपीएस धरून १८ मध्ये बसवून दाखव, मीच दोन सेट घेतो तुझ्याकडनं. आणि एवढं करून आतल्या ग्राफिक्सवर तो एल्डन रिंग खेळणार. ३०५० उद्या नवीन मशीनमध्ये काढून टाकता येतं की.

पण प्रोसेसरचं तू म्हणतोस ते खोटं नाही. तासगावकर, तुला आधीच सांगून ठेवतो म्हणजे नंतर शिव्या घालू नको. एल्डन रिंगला कंपनीनं कमीत कमी आय५ ८४०० लिहिलाय, सहा कोरचा. तुझा चार कोर, चार थ्रेड. चालेल, पण मोकळ्या रानात पळताना अडखळेल. रॅम १२ जीबी लिहिलीय, तुझी ८. म्हणून कार्डाच्या आधी ८ ची दुसरी डीडीआर३ स्टिक घे, जुनी स्वस्तात मिळते, आणि दोन स्टिक झाल्या की प्रोसेसरलाबी मोकळं वाटतं. तुझ्या बोर्डाला स्लॉटच दोन आहेत, १६ च्या पुढं जाणारच नाहीस. वुकाँगला १६ जीबी रॅम आणि १३० जीबी जागा लागते, तुझ्या २४० मधी विंडोज धरून काय उरतं बघ. त्याचा बेंचमार्क (मशीनवर गेम कसा चालेल ते दाखवणारी चाचणी) गेम विकणाऱ्या स्टीमवर फुकट आहे, तो चालवून बघ मग गेमला पैसे दे. तसंही स्टीमवर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असशील तर पैसे परत मिळतात.

व्हॅलोरंट कशावरबी चालतो. फक्त विंडोज ११ टाकू नको त्यासाठी, ११ वर तो टीपीएम २.० (सिक्युरिटीची सोय) मागतो आणि तुझ्या पिढीचा प्रोसेसर ११ च्या यादीतच नाही. १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं, पण गेम खेळायला मशीन तेच आहे तर काय करणार. त्याच्यावर बँकेचं काय करू नको म्हणजे झालं.

लोड_१००_टक्के:

मग नवीन डूम पण चालेल का ३०५० वर, रे ट्रेसिंग आहे की त्याला

विश्रामबाग_आर्किटेक्ट:

रे ट्रेसिंग आहे, पण द डार्क एजेसला कमीत कमी ८ जीबी व्हीरॅम (कार्डाची मेमरी) लिहिलंय, २०६० सुपर किंवा आरएक्स ६६००. इंडियाना जोन्सच्या गेमचं तेच. ३०५० चे ६ जीबी तिथे कमी पडतात. आणि त्यांनी मागितलेल्या प्रोसेसरजवळ ४५७० उभा पण राहत नाही. नवीन गेम म्हणजे किती नवीन, ते ठरवूनच दुकानात जायचं.

तासगावचा_बेदाणा:

सगळ्यांचे लय आभार. आठ दिवसांनी लिहितोय, मध्ये घरी छाटणीची गडबड होती.

सोल्डर दादा म्हणले तसं पत्रा काढला. आधी तर अर्धा किलो धूळ निघाली, पंख्याच्या मागं पाल मरून वाळलेली. स्लॉटपासून पिंजऱ्यापर्यंत आईच्या शिवणाच्या टेपनं मोजलं, दोन पंख्यांचं आखूड कार्ड बसेल एवढी जागा निघाली. मग ताईंनी सांगितल्यासारखं पेनड्राइव्ह घेऊन पहिल्या दुकानात गेलो. १०५० टीआय हातात घेतलं, मागं बघितलं, निळी पिन! मी म्हणलं जरा लावून बघूया का, तर म्हणतो आत्ता टेबल रिकामं नाही, संध्याकाळी ये. परत गेलोच नाही.

शेवटी ३०५० ६ जीबी नवीन घेतलं बिलासकट, १६ हजार ८००. बाराशेत एक जुनी ८ जीबी स्टिक. म्हणजे बरोबर १८ झाले आणि येताना बसला मित्राकडनं पैसे घेतले.

घरी आणून बसवलं, बटण दाबलं, पंखे फिरतायत, स्क्रीन काळी. माझं तर पोटातच गोळा आला. अर्धा तास रॅम काढ घाल करत बसलो. मग ट्यूब पेटली की मॉनिटरची केबल मदरबोर्डाच्याच निळ्या पिनला आहे, आणि कार्डाला निळी पिनच नाही. रात्री साडेआठला कुठलं दुकान उघडं असणार. दुसऱ्या दिवशी एचडीएमआय टू व्हीजीए आणला, मग लोगो दिसला. बायोस पण अपडेट करून घेतला, लाईट जाईल म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो तेवढा वेळ.

आता एल्डन रिंग १६०० बाय ९०० वर मिडीयमला सेकंदाला ४५ ते ५५ फ्रेम देतोय. दादा म्हणले तसं घोडा जोरात पळवला की मधीच अडखळतोय, अर्धा सेकंद थांबतो आणि परत पळतो, सवय झाली. वुकाँगचा बेंचमार्क उतरवून ठेवलाय, अजून धाडस झालं नाही.

काल पप्पा मागं येऊन उभं राहिले, चांगलं दहा मिनिटं बघितलं, मला वाटलं आता विचारणार किती पैसे घातले. म्हणतात, एवढं रान पडीक कशाला ठेवलंय रे ह्यांनी?

कृष्णाकाठ_८७:

पप्पांना आयडी काढून द्या राव 😄

एचडीएमआय टू व्हीजीए केवढ्याला बसला? माझापण मॉनिटर तसलाच आहे

तासगावचा_बेदाणा:

२८० रुपये. नुसती केबल मिळते ती नको घेऊ, एका टोकाला डबी असते बघ, तीच घे. ती केबल मी आधी आणली होती १२० ला, तिच्यावर काहीच दिसत नाही.