विषय: रि: रि: ६ फेब्रुवारी – रिबीनवर ८ की २३?

मंदार:
मँचेस्टर युनायटेडच्या टीमच्या विमान अपघाताच्या स्मृतीसाठी पुष्पचक्र वाहायचंय, त्याच्या रिबीनवरचा मजकूर फुलवालीला आज पाचच्या आत द्यायचाय. मागच्या वेळी 'श्रद्धांजली'ची जोडाक्षरं पार फुटली होती, म्हणून यंदा पीडीएफच देतोय. "म्युनिक १९५८, ८ खेळाडूंना श्रद्धांजली" चालेल ना? एकच ओळ बसते.

शुभदा:
८ का? गेले २३. त्यात ८ पत्रकार होते, क्लबचे ३ जण, को-पायलट, स्टुअर्ड... अपघाताच्या जागेजवळच्या मँचेस्टरप्लाट्झ चौकातल्या दगडावर सगळ्यांचीच आठवण आहे, मग आपण का गाळायचे?

सलील:
+१. आणि त्या पत्रकारांत फ्रँक स्विफ्ट होता, मँचेस्टर सिटीचा जुना गोलकीपर! युनायटेडवाले सोयीने विसरतात. (मंदार, तुला नाही म्हणत. म्हणजे तुलाच म्हणतोय.)

मंदार:
सिटीवाल्यांनी आधी मागच्या वर्षीची वर्गणी द्यावी. अरे टीम गेली म्हणूनच लोकांना आठवतं ना? बेलग्रेडला ३-३ करून युरोपियन कपच्या सेमीत पोचलेली पोरं, इथे फक्त पेट्रोल भरायला उतरली, दोनदा टेकऑफ सोडून दिला आणि तिसऱ्यांदा रनवेवरच्या बर्फाच्या चिखलात विमान वेगच घेईना.

रेखाकाकू:
युनायटेडचा डंकन एडवर्ड्स २१ वर्षांचा होता, १५ दिवस रेश्ट्स डेर इझार हॉस्पिटलात झुंजला. माझी धाकटी त्याच हॉस्पिटलात झाली, हे नंतर कळलं तेव्हा कसंतरीच झालं. बरं, हळदीकुंकू ३ ला कोणी ठेवलंय? ३:०४ ला, अपघाताच्या वेळी, आपण तिथे चौकात उभे असणार.

शुभदा:
मी ठेवलंय. हॉल ५ ला रिकामा करून द्यायचाय, हलणार नाही. ज्यांना जायचंय त्यांनी जाऊन या, तिळगूळ बाजूला काढून ठेवते.

काका:
पायलट थेनला विसरू नका. वाचला बिचारा, पण पंखांवरचा बर्फ काढला नाही म्हणून खापर त्याच्यावर, आणि निर्दोष ठरायला १९६९ उजाडलं. २००८ मध्ये ५० वर्षं झाली तेव्हा चौकाला नाव दिलं, हे मी पूर्वीही लिहिलंय, कोणी वाचत नाही.

मंदार:
काका, थेन रिबीनवर बसणार नाही. पाठवलं: "म्युनिक, ६-२-१९५८, सर्व २३ जणांसाठी". श्रद्धांजली काढली, जोडाक्षराची भानगडच नको.

सलील:
'म्यु' जोडाक्षरच आहे. आणि 'सर्व'वर रफार.