होम, प्रो आणि रॅमचा वेग

खटपट्या:
‘विंडोज होम रॅमला वेसण घालून ठेवतं, प्रो टाका, तीच रॅम दुप्पट पळेल’ हा सुसाट यांचा सल्ला आणि त्याखालची धन्यवादांची रांग वाचून डोकं फिरलं. होम की प्रो ही एडिशन ठरवते ती फक्त रॅमची कमाल मर्यादा. विंडोज १० होमला १२८ जीबी, प्रोला २ टीबी. आहे कुणाच्या घरी एवढी? वेग ठरतो बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅम घेऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या छापील वेगाने पळवणारी तिथलीच सेटिंग) बंद ठेवलं तर बरीच किट्स २१३३ किंवा २४०० वरच रांगतात. त्यात रॅमची एकच स्टिक म्हणजे एकच चॅनल, डेटा जायला एकच वाट, ३२०० मिळाले तरी सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी. तशाच दोन नीट स्लॉट बघून बसवल्या की ५१.२. वेगळं कार्ड न लावता ऑनबोर्ड ग्राफिक्सवर गेम खेळणाऱ्याला हा फरक आकडे न बघताही कळतो. लायसनवर पैसे उधळण्याआधी टास्क मॅनेजरमध्ये मेमरीचा स्पीड तरी बघा!

सुसाट:
आकडे तुमच्याकडेच ठेवा. मी होमवरून प्रोवर आलो आणि मशीन पळायला लागलं, डोळ्यांनी पाहिलंय. शिवाय विंडोज ७ होम बेसिक ८ जीबीच्या पुढची रॅम वापरायचंच नाही. ते काय होतं मग?

खटपट्या:
मर्यादाच होती, वर तेच लिहिलंय. बरं, ७ पुरतं तुमचं खरं, घ्या. पण त्याचा सपोर्ट २०२० मध्येच संपला. आणि प्रो टाकताना फॉर्मॅट मारला होता का, म्हणजे जुना कचरा सगळा पुसून?

सुसाट:
मारला होता. म्हणून काय झालं?

खटपट्या:
काही नाही. चालू द्या.

पेंग्विनपंथी:
विंडोजच काढा, लिनक्स टाका. होमही नको नि प्रोही नको.

कलमकसाई:
आले! ब्राउझरमध्ये ढीगभर टॅब उघडले की तुमचा पेंग्विनही धापाच टाकतो.

बोर्डगेला:
रॅम गेली खड्ड्यात, लायसनचं बोला. माझा मदरबोर्ड उडाला, नवा बसवला तर विंडोज ॲक्टिव्हेट होईना. मशीन जोडून देणाऱ्याने ओईएम कॉपी (मशीनसोबतच द्यायची) मारली होती, बिलात मात्र नुसतं ‘विंडोज’. पैसे मी मोजले आणि मालकी बोर्डाची!

कलमकसाई:
ओईएम पहिल्या मशीनलाच बांधलेलं असतं, करारात लिहिलंय. दुसऱ्या मशीनवर न्यायचं तर रिटेल, म्हणजे सुटं विकलं जाणारं घ्यायचं.

बोर्डगेला:
करार वाचायला वकील ठेवू का? युरोपियन न्यायालयाने २०१२ मध्ये युज्डसॉफ्ट विरुद्ध ओरॅकल खटल्यात वापरलेलं लायसन विकायलासुद्धा मुभा दिली. मी तर माझंच माझ्या नव्या बोर्डावर मागतोय!

कलमकसाई:
निकाल अर्धाच वाचलात. विकणाऱ्याने स्वतःची कॉपी निकामी करायची, आणि अनेक यूजर्सचं लायसन तुकडे पाडून विकायचं नाही, हेही त्यातच आहे. शिवाय तो युरोपियन युनियनपुरता. स्वस्तात ॲक्टिव्हेशनची की (कोड) विकणारे नेमका तुम्ही सांगितलात तेवढाच भाग सांगतात. की ॲक्टिव्हेट झाली म्हणजे लायसन हातात आलं असं होत नाही.

सुसाट:
माझी स्वस्तातलीच आहे. चालते की मस्त.

कलमकसाई:
कुठून घेतली ते लिहा मग.

सुसाट:
विषय रॅमचा चालला होता.

बोर्डगेला:
वा! बिल देऊन घेतलेलं माझं बंद, आणि यांचं मस्त चालतंय. कलमकसाई, आता यांना काढून दाखवा एखादं कलम.